बारा सेकंदांनंतर

मोमीनसाहेबांना बाराच्या जागी अठरा हवे होते.

इचलकरंजीला एकशेदहा किलोचे एक गृहस्थ होते. त्यांना पलंगावरून उचलून खुर्चीत ठेवायला कंपनीचा पाळणा दिला होता. देह मोठा असल्यामुळे पट्ट्यांवरचा भार स्थिर व्हायला वेळ लागे, तेवढ्यात यंत्राचा धीर सुटे आणि ते त्यांना पुन्हा पलंगावर टेकवून मोकळं होई. खुर्ची राहायची बाजूलाच. "बारा सेकंद थांबतंय, अठरा करून द्या बाई," मोमीनसाहेब म्हणाले. "पडत नाहीत ते, नुसते शिव्या घालतात. त्याही मला."

केतकी पाटणकर हसली आणि दुपारपर्यंत लिहून देते म्हणाली. एक आकडा बदलायचा होता.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतली ही कंपनी फार मोठी नव्हती, पण त्या भागात तिचं नाव घरोघरी झालं होतं. सांगली, मिरज, इचलकरंजी इथल्या घरांत म्हातारी माणसं उरली होती आणि मुलं चार देशांत पांगली होती. घरी येऊन सेवा करणारं माणूस महिनोन्‌महिने शोधूनही मिळत नसे. २०४१ साली अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे बघायचं म्हणजे बहुधा यंत्राने बघायचं. कंपनीची तीन यंत्रं होती. 'पाळणा' माणसाला उचलायचा. 'कूस' नावाचा पलंग दर दोन तासांनी त्याला या अंगावरून त्या अंगावर वळवायचा, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. आणि 'घास' त्याला चमच्याने जेवू घालायचा. घास केतकीचा होता. पहिल्या स्क्रूपासून तिने तो स्वतः उभा केला होता, आपल्या आईसाठी.

तिन्ही यंत्रं वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या माणसांनी बनवली. त्यांना चालवणारे प्रोग्रॅम तिघांनीही पायथन भाषेत लिहिले, किंवा खरं सांगायचं तर एकाचा उचलून दुसऱ्यात चिकटवला आणि गरजेपुरता वाकवला. मोटर किती वेगाने फिरवायची, संवेदकाचं वाचन गढूळ आलं तर काय करायचं, नोंद कशी ठेवायची, हे तिन्हीकडे जवळजवळ तेच होतं आणि कुठेच अगदी तेच नव्हतं. पाळण्यात सापडलेली चूक दुरुस्त झाली तरी कूस आणि घास यांत ती तशीच राहायची. दीड वर्षापूर्वी केतकीने हे सगळं एकत्र आणलं. तिघांना लागणारं काम एकदाच लिहायचं, एका संचात ठेवायचं, आणि प्रत्येक यंत्राने सुरुवातीच्या एका ओळीत तो संच मागवून घ्यायचा. संचाचं नाव तिने 'सामाईक' ठेवलं. अकरा हजार ओळींच्या चार हजार झाल्या. कुठेही दुरुस्ती केली की ती एकदमच सगळ्या घरांतल्या सगळ्या यंत्रांना पोचू लागली. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात स्वच्छ काम होतं ते.

स्वच्छतेसाठी तिने स्वतःच एक नियम घालून दिला होता. 'सामाईक'मध्ये अक्षरही बदलायचं असेल, तर आधी तीन यंत्रांची नावं लिहायची आणि त्या बदलाने प्रत्येकात काय होईल ते एकेका वाक्यात मांडायचं. मोमीनसाहेब याला बाईंचा गृहपाठ म्हणायचे. तिने कागद घेतला.

पाळणा: भार स्थिर झाल्याचं वाचन अठरा सेकंदांत आलं नाही, तर माणसाला पलंगावर टेकवेल.

कूस: वळणं पुरं झाल्याचं वाचन अठरा सेकंदांत आलं नाही, तर वळवणं पुरं करेल.

घास: गिळल्याचं वाचन अठरा सेकंदांत आलं नाही, तर

इथे तिचा हात थांबला.

माणूस पट्ट्यांत अधांतरी असताना यंत्राला काही उमजेनासं झालं, तर तिथेच थबकणं हा सगळ्यात मोठा धोका. म्हणून मोमीनसाहेबांनी पाळण्यात मर्यादा घातली होती: बारा सेकंद उत्तराची वाट बघायची, नाही आलं तर हाती घेतलेली हालचाल शेवटाला न्यायची, माणसाला टेकवायचं आणि नोंदीत 'पूर्ण' असं लिहायचं. त्यांचं बरोबर होतं. वाट बघण्याच्या या भागाच्या तीन यंत्रांत तीन आवृत्त्या होत्या. एकत्र करताना केतकीने त्यांतली मोमीनसाहेबांची घेतली, कारण तीच सगळ्यात जास्त तपासलेली होती.

घासाची गोष्ट उलटी होती. गळ्याला चिकटवलेली बोटभर पट्टी कंठमण्याचं वर जाणं आणि गिळण्याचा बारीक आवाज टिपायची. तो टिपला गेला की पुढचा चमचा. नाही टिपला तर थांबायचं, तासभर लागला तरी थांबायचं. तिच्या स्वतःच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये मर्यादा नव्हतीच. जेवणाऱ्याने गिळलं नसताना हाती घेतलेली हालचाल शेवटाला न्यायची, म्हणजे मिटता न येणाऱ्या ओठांत आणखी एक चमचा ओतायचा.

चाचण्या? तिने चाचण्या उघडल्या. सगळ्या उत्तीर्ण होत्या. चाचणीसाठी रबराच्या चेहऱ्याचा एक पुतळा होता, तो चार सेकंदांत गिळायचा. तो तसाच बनवलेला होता. न गिळणारा पुतळा कोणी बनवला नव्हता.

मग तिने आईची नोंद उघडली. गेल्या भाद्रपदात आई गेल्यापासून ती फाइल तिने उघडली नव्हती. त्याआधी शंभरदा उघडली होती, पण तेव्हा ती फक्त शेवटचा रकाना बघायची: पूर्ण, पूर्ण, पूर्ण. आता तिने दोन चमच्यांमधलं अंतर पाहिलं. १२.०, १२.०, ९.४, १२.०, १२.०, १२.०. माणसाचं गिळणं इतकं नेमकं नसतं. हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती, ती विज्ञान शिकलेली होती.

दुपारी मोमीनसाहेब विचारायला आले तेव्हा ती म्हणाली, आज नाही जमणार. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिच्यासाठी चहा सांगितला.

*

आईला स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून सुकत जाण्याचा आजार होता. आधी बोलणं गेलं, मग हात, मग मान. ती विश्रामबागेत दादाकडे, म्हणजे केतकीच्या थोरल्या भावाकडे, समीरकडे, राहायची. दादा नोकरीच्या निमित्ताने आठवड्यातले चार दिवस बाहेर असायचा. आईचं सगळं वृषालीवहिनी करायची. ती एका शाळेच्या कार्यालयात होती. सकाळचं आणि रात्रीचं जेवण ती स्वतः भरवायची, दुपारचं घास भरवायचा. पहिलं वर्ष उत्तम गेलं.

मग आईला खोकला सुरू झाला. जेवण संपल्यावर तास-दोन तासांनी येणारा, ओला, बारीक खोकला. असं होतं तेव्हा अन्न थोडंथोडं श्वासनळीत उतरत असतं. निरोगी माणसाला लगेच ठसका लागतो आणि ते बाहेर फेकलं जातं; नसा दुबळ्या झाल्या की शरीर ते मुकाट्याने आत जाऊ देतं, आणि आठवड्यांनी फुप्फुस सुजतं. डॉक्टरांनी विचारलं, भरवताना घाई तर होत नाही ना?

केतकीने यंत्राची नोंद तपासली. पूर्ण, पूर्ण, पूर्ण. दोन चमच्यांमध्ये सरासरी साडेअकरा सेकंद. मग एका संध्याकाळी ती घड्याळ घेऊन वहिनीसमोर बसली. वहिनी आईची हनुवटी डाव्या हाताने किंचित खाली धरून खिमटाचा अर्धा-अर्धा चमचा देत होती आणि शाळेतल्या शिपायाची नक्कल करत होती. आई डोळ्यांनी हसत होती. सरासरी आठ सेकंद आली.

"वहिनी, तू घाई करतेस," केतकी म्हणाली. वाईट शब्दांत नाही, नेहमीच्या आवाजात. आकडा समोर ठेवून.

वहिनी म्हणाली की ती गळा बघते, घड्याळ नाही. आणखीही एक सांगितलं तिने: यंत्र भरवतं तेव्हा आई डोळे मिटून घेतात, माझ्या वेळी मिटत नाहीत. केतकीने त्यावर यंत्राची उंची दोन बोटं कमी केली, प्रकाश डोळ्यांवर येत असेल म्हणून. त्या महिन्यापासून तिन्ही वेळचं जेवण घास भरवू लागला. वहिनी दाराशी उभी राहायची.

आई गेल्यावर डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात जुनं नुकसान होतं. त्यांचा शब्द एवढाच होता. जुनं म्हणजे आपण भरवत होतो तेव्हाचं, असं धरून वहिनीने तो उचलून घरी आणला आणि तो तिच्याजवळच राहिला. ती कधी रडली नाही, कोणाला दोष दिला नाही. फक्त कोणाच्या पानात वाढताना हात आखडता घेऊ लागली, आणि दादाला जेवताना एकदा ठसका लागला तेव्हा हातातलं भांडं खाली ठेवून आत निघून गेली. केतकी तेव्हा तिथे होती. आपण बोललो ते खरंच होतं, पण बोलायला नको होतं, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

आठ सेकंद. वहिनीच्या त्या आठ सेकंदांत प्रत्येक वेळी गिळणं होतं.

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिने सगळ्या घरांच्या नोंदी चाळल्या. घास एकतीसशे घरांत होता. त्यांतल्या चारशे बारा घरांत ते नेमके बारा सेकंद पुन्हा पुन्हा दिसत होते. गेल्या दीड वर्षात या चारशे बारांपैकी एकसष्ट यंत्रं परत आली होती. यंत्र परत घेताना कारण लिहून घ्यायचा एक रकाना असतो. त्यात बहुतेक ठिकाणी लिहिलं होतं: गरज संपली.

ही माणसं आजारी होती, वयस्कर होती, जाणारच होती. म्हणून कोणालाही काही वेगळं दिसलं नव्हतं. एकसष्टांतली किती आपणहून गेली आणि किती आपण घालवली, हे आता कोणत्याही गणिताने वेगळं काढता येणार नव्हतं. तिने प्रयत्न करून पाहिला.

कंपनीच्या प्रमुख रोहिणी घाटगे. त्या स्वतः पंधरा वर्षं परिचारिका होत्या, आणि केतकीला त्यांच्याबद्दल आदर होता. त्यांनी कागद दोनदा वाचले, दार लावून घेतलं. ओरडल्या नाहीत. दुरुस्तीला किती वेळ, हे विचारलं. केतकी म्हणाली, लिहायला दहा मिनिटं. पण 'सामाईक' बदलला की तिन्ही यंत्रांची तपासणी नव्याने करून परवाना नव्याने घ्यावा लागतो, त्याला पस्तीस दिवस. घासाला त्याच्या जुन्या, वेगळ्या प्रोग्रॅमवर परत न्यावं, तर त्याचा परवाना आपणच परत केला होता. तीन परवान्यांच्या जागी एकच पुरेल म्हणून. ते पत्रही केतकीनेच लिहिलं होतं.

"मग आज सगळ्यांना कळवूया, यंत्र बंद करा म्हणून," केतकी म्हणाली.

"चारशे बारांतल्या दीडशे घरांत दुसरं माणूस नाही, केतकी. त्यांना काय कळवू? जेवू नका?"



घाटगेबाईंचं म्हणणं असं पडलं, की सगळ्या घरांना साधी सूचना पाठवावी: अन्न घट्ट ठेवा, चमचा अर्धाच भरा, जेवताना पाठ ताठ ठेवा. त्याने निम्मा धोका टळेल. कारण सांगू नये. कारण सांगितलं तर घाबरून एकतीसशेच्या एकतीसशे घरं यंत्र बंद करतील, आणि ज्यांचं यंत्र नीट चाललंय तेही उपाशी पडतील. पस्तीस दिवस कोणीच कोणाशी बोलायचं नाही. घरीसुद्धा नाही. दुरुस्ती पोचली की मग सगळ्यांना सगळं सांगू, मी स्वतः सांगेन, असं त्या म्हणाल्या, आणि त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या.

केतकीने त्यातलं प्रत्येक वाक्य तपासून पाहिलं. कुठलंच चुकीचं नव्हतं. तिने मान डोलावली.

*

नवव्या दिवशी दादाच्या घरी उष्टावण होतं. वहिनीची लेक ओवी बाळंतपणाला माहेरी आली होती, तिच्या मुलीला सहा महिने पुरे झाले होते. पाटावर मामाने, ओवीच्या भावाने, बाळाला मांडीवर घेतलं, वाटीतली खीर बोटाने तिच्या ओठांना लावली. बाळाने तोंड वेडंवाकडं केलं आणि मग चाटलं. सगळे हसले. मामाचं झालं की आजीचा मान. ओवीने हाक मारली.

वहिनी स्वयंपाकघराच्या दाराशी आली आणि तिथेच थांबली. पदराला हात पुसत म्हणाली, "माझा नको गं. आत्याला सांग. तिचा हात मोजूनमापून चालतो."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर केतकीला बरं वाटलं असतं. ओवी म्हणाली, असं काय आई, पणजीच्या जागी आत्या, ये गं आत्या. आणि बाळ केतकीच्या मांडीवर आलं. तिने चमच्याचं टोक भिजेल इतकी खीर घेतली. बाळाने ती पटकन गिळली आणि आणखी मागायला तोंड उघडलं. केतकीने आणखी दिली. वहिनी दारातून बघत होती, बाळाच्या गळ्याकडे. मग आत गेली, आणि पाण्याचा नळ बराच वेळ वाहत राहिला.

त्या वेळी उठून आत जाता आलं असतं. दहा पावलांचं अंतर होतं. आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. पण वहिनी दादाला सांगेल, दादा गप्प बसणार नाही, उद्या गावभर होईल, आणि दीडशे घरं. केतकीने बाळाचं तोंड पुसलं.

त्या पस्तीस दिवसांत आणखी नऊ यंत्रं परत आली. ती रोज सकाळी तो रकाना उघडायची. एकदा मोमीनसाहेब तिच्या मागे येऊन उभे राहिले. त्यांना आता माहीत होतं, कारण नवीन तपासणीत त्यांची सही लागत होती. "ओळ माझी आहे," ते म्हणाले. "उचलली मी," ती म्हणाली. इचलकरंजीच्या गृहस्थांचं काम तसंच राहिलं.

*

दुरुस्ती शनिवारी पोचली. दर घराला पत्र सोमवारी जायचं होतं. रविवारी दुपारी केतकी विश्रामबागेत गेली. दादा झोपला होता, ओवी बाळाला घेऊन सासरी परतली होती. आईची खोली रिकामी करून झाली होती आणि वहिनी तिथे स्टुलावर उभी राहून धुतलेले पडदे लावत होती. केतकी खालून पडद्याचा एकेक आकडा तिच्या हातात देऊ लागली. चार आकडे दिल्यावर म्हणाली, "वहिनी, तुझ्या हातून काही झालं नव्हतं."

"सगळेच म्हणतात तसं."

"मी म्हणत नाहीये. मोजलंय."

वहिनी स्टुलावरून उतरली. केतकीने कागद काढला आणि सगळं सांगितलं, क्रमाने, साध्या शब्दांत: पाळण्याला बारा सेकंद का लागतात, ते घासात कसे आले, कोणी आणले. आकड्यांच्या रकान्यावर वहिनीने बोट ठेवलं आणि ते सावकाश खाली नेलं, पानाच्या तळापर्यंत.

"म्हणजे त्या डोळे मिटायच्या ते."

"हो. मान वळवता येत नव्हती तिला."

वहिनी भिंतीशी टेकून खाली बसली. बाहेर कोणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. मग तिने विचारलं, "तुला कधी कळलं?"

काल, असं म्हणता आलं असतं. केतकी आयुष्यात कधी आकड्याबाबत खोटं बोलली नव्हती.

"सहा तारखेला. गेल्या महिन्याच्या."

वहिनीने मनात हिशेब केला. तिचे ओठ हलले. "उष्टावण पंधराला होतं."

"हो."

"मी आत होते, आणि तू बाहेर बाळाला भरवत होतीस."

केतकी दीडशे घरांबद्दल सांगू लागली. वहिनीने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मानही हलवली. तिला ते पटलं असावं. ते पटलेलं दिसणं केतकीला सगळ्यात कठीण गेलं.

"तुझं बरोबर असेल," वहिनी म्हणाली. "तुझं नेहमी बरोबरच असतं. पण हे तू माझ्यासाठी आणलंस ना, हा कागद? मला मोकळं करायला? इतके दिवस मला वाटायचं, आईंना माझ्या हाताने त्रास झाला. न समजून झाला. त्याचं मी काहीतरी करत होते रोज, मनात. आता तू सांगतेस, माझा हात चांगला होता. मग मी तो काढून का घेतला? मला दिसत होतं गं. रोज दिसत होतं, त्या डोळे मिटतायत ते. मी दाराशी उभी राहून बघितलं. सहा महिने. कारण तुझ्याकडे आकडा होता."

तुझ्या हातून काही झालं नव्हतं, एवढंच वाक्य केतकीजवळ होतं, आणि ते ती बोलून चुकली होती.

वहिनी उठली. कागदाची घडी घालून तिने तो केतकीच्या हातात परत दिला, स्टूल सरकवलं आणि वर चढली. "समीरला उठल्यावर मी सांगेन," ती म्हणाली. "तू आता जा." मग तिने उरलेल्या आकड्यांसाठी हात खाली केला. केतकीने पुढे केलेला आकडा तिने घेतला नाही. खिडकीच्या कठड्यावर ठेवलेल्या डब्यातून तिने स्वतःच एक काढला आणि पडद्यात अडकवू लागली.